नाकाचा अहवाल

थप्पड बसली तेव्हा माझं डोकं चौकशीच्या खिडकीबाहेर होतं आणि बाकीचा मी कार्यालयाच्या हद्दीत होतो. ही खिडकी ज्याने बनवली त्याला माणसं आवडत नसावीत. पूर्ण काच, आणि तळाशी एक अर्धगोल भोक. एकमेकांचं ऐकू यावं म्हणून आतल्यालाही वाकावं लागतं आणि बाहेरच्यालाही, आणि दोघं एकदम वाकले की कपाळं आपटतात. पाणी तपासणी प्रयोगशाळेत कोणी माझ्या नावाने विचारत आलं, हेच मुळात नवल. मी डोकं बाहेर काढलं, समोर वहिनी दिसली, मी हसलो, आणि तिने मारली. उजव्या हाताने, डाव्या गालावर, कानासकट. डोकं भोकाच्या कडेवर आपटलं. चष्मा जनतेत पडला. रांगेतल्या एका गृहस्थांनी तो उचलला, शर्टाला पुसला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "साहेब, यांच्यानंतर माझा नंबर आहे." त्यांना काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

एक्कावन्नाव्या वर्षी थप्पड खाण्यात एक अडचण अशी असते की सवय मोडलेली असते. लहानपणी मला सगळं ठाऊक होतं: आधी पांढरा उजेड, मग शिट्टी, मग गालाला मुंग्या आणि सगळ्यात शेवटी दुखणं, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं. आमचे वडील सोन्याच्या खाणीत धुलाईच्या शेडवर होते. दगड दळून त्याचं पीठ करायचं, त्यात सायनाइडचं पाणी सोडायचं, सोनं विरघळतं, बाकीचा राखाडी चिखल बाहेर टाकायचा. त्या चिखलाचे तीन ढीग गावाच्या डोक्यावर उभे होते, आणि वडील घरी यायचे ते त्यातल्याच एका ढिगासारखे. कमरेला दिव्याच्या बॅटरीचा पट्टा असायचा. तो काढून ठेवायच्या आधी ते एकदा वापरायचे. कारण लागायचं नाही. कारण ही शिकलेल्या लोकांची गरज आहे. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो मध्ये यायचा, पाठ करून उभा राहायचा, आणि पट्टा पडायच्या आत मला म्हणायचा, "कान झाक. बाकीचं बरं होतं." मी दोन्ही हातांनी कान दाबायचो. म्हणून माझ्या आठवणीतला सगळा मार मुका आहे. दादाची पाठ हलते, वडिलांचं तोंड हलतं, भिंतीवरचं भांडं पडतं, आणि आवाज कशालाच नाही. आज माझे हात खिडकीच्या आत होते, त्यामुळे मी संपूर्ण आवाज ऐकला. ओल्या फरशीवर चप्पल आपटावी तसा येतो.

"वहिनी," मी म्हणालो.

"तू म्हणालास बंद कर," वहिनी म्हणाली.

मी नोकरीला लागल्यापासून ती मला 'अहो भाऊजी' म्हणते. त्याआधी, म्हणजे ती आमच्या घरात आली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो आणि ती एकोणीस, तेव्हा मी 'तू' होतो. तिने मला जेवायला वाढलं, दटावलं, परीक्षेच्या दिवसांत माझ्यासाठी पहाटे दिवा लावून ती जागी बसली. सत्तावीस वर्षांनी मी एका फटक्यात परत 'तू' झालो होतो. बढती गेल्याचं दुःख झालं नाही, हे मला तेव्हाच विचित्र वाटलं.

"दादा कसा आहे?"

"कवटीला टाके आहेत. डाव्या हाताची चार बोटं मोडलीत, पाचवं त्यांना सापडलं नसेल. डावा कान गेला." तिने हे पिशवीतलं सामान सांगावं तसं सांगितलं. तिच्या खांद्याला जाड कापडाची लांबट पिशवी होती, तिच्या वजनाने ती एका बाजूला कलली होती. "बोलतो. एकच विचारतो. 'वासाचं काय झालं?'"

मी म्हणालो, "बस तिथे बाकावर. चहा सांगतो."

"चहा पाणी घालून करतात ना रे?" वहिनी म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

वासाचं असं आहे. सायनाइडला कडू बदामाचा वास येतो, पण तो सगळ्यांना येत नाही. ते रक्तातून येतं. वडिलांना यायचा, मला येतो, दादाला येत नाही. वडिलांचे कपडे दाराशी पडले की मी नाक धरून पळायचो आणि दादा म्हणायचा, कुत्र्याचं नाक आहे याला, मला तर घामच येतो नुसता. पुढे खाण बंद पडली, वडील खोकून खोकून गेले, दादा सात गावांच्या पाणीयोजनेवर वॉल्व्हमन झाला आणि मी रसायनं शिकलो. चार वर्षांपूर्वी एक कंपनी आली. तिला नवं खोदायचंच नव्हतं. जुन्या ढिगांत वडिलांच्या पिढीकडून जे सोनं राहून गेलं होतं ते तिला हवं होतं. ढिगांवर नळ्या अंथरल्या, वरून सायनाइडचं पाणी ठिबकवायला लागले, खाली तलावात झिरपलेलं गोळा करायला लागले. थोडक्यात, वडिलांच्या कामातल्या चुका दुरुस्त होत होत्या. तेरा दिवसांपूर्वी दादाचा फोन आला. "योजनेच्या विहिरीच्या खालच्या अंगाला बेडूक उलटे पडलेत. तीन शेळ्या गेल्या. मला वास येत नाही, तुला येतो. दूधगाडीवाल्याकडे बाटली देतो, वास घे आणि सांग. तुझ्या नाकावर मी वॉल्व्ह बंद करतो." दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली आली, खोकल्याच्या औषधाची, वर कागदाचं बूच. मी हुंगलं. आमचं दार, पट्टा, दादाची पाठ, सगळं एकदम नाकात शिरलं. मी फोन उचलला आणि म्हणालो, "बंद कर." आयुष्यात मी दादाला दिलेला हा एकमेव हुकूम, आणि त्याने तो पाळला. भर उन्हाळ्यात, सात गावांचं पाणी, एका नाकावर.

मग पाणीपुरवठा कार्यालयाकडून रीतसर नमुना आला, मोहोरबंद, आणि त्या बाटलीत आम्ल होतं. हे आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला सांगायला दोनच वाक्यं लागतात. पाण्यात शिसं वगैरे धातू शोधायचे असतील तर नमुना भरताना बाटलीत आम्ल घालतात, म्हणजे धातू टिकून राहतात. सायनाइड शोधायचं असेल तर बरोबर उलटं, कॉस्टिक सोडा घालायचा. आम्ल घातलं की सायनाइडचा वायू होतो आणि बूच उघडताक्षणी तो निघून जातो. मग यंत्राला पाण्यात काहीच मिळत नाही. पूर्वी दोन बाटल्या जायच्या. बारा वर्षांपूर्वी एका उत्साही अधिकाऱ्याने परिपत्रक काढलं: खाण तर बंद आहे, धातूंखेरीज काही शोधायचंच नाही, तेव्हा यापुढे एकच बाटली, एकच पद्धत, सर्व बाटल्यांत आधीच आम्ल घालून पाठवावं. घोटाळा कमी, धावपळ कमी. त्या अधिकाऱ्याला प्रशस्तिपत्र मिळालं. ते माझ्या टेबलामागे टांगलेलं आहे; नाव माझंच आहे.

खाण सुरू झाली तेव्हा परिपत्रक मागे घ्यायचं राहून गेलं. कोणाच्या वाईटावर नव्हतो आम्ही, राहून गेलं. चार वर्षं त्या गावांच्या बाटल्या येत होत्या, मी बूच उघडत होतो, कधीमधी अगदी पुसटसं काही नाकाशी यायचं आणि जायचं, आणि मला वाटायचं, बालपण. माणसाला बालपण आठवतं, त्यात तपासण्यासारखं काय आहे? पण गेल्या आठवड्यातली बाटली पुसट नव्हती. बूच फिरवलं आणि वायू माझ्या तोंडावर आला, डोळ्यांत पाणी आलं. यंत्र म्हणालं, शून्य. मी यंत्राकडे बघितलं, यंत्राने माझ्याकडे बघितलं. नाकाला आमच्या खात्यात मान्यता नाही. दादाला फोनवर सांगताना नाक पुरेसं होतं, कारण तिथे सही नव्हती. इथे सही होती, आणि सहीच्या मागे भिंतीवर प्रशस्तिपत्र. मी लिहिलं: आढळले नाही.

तो कागद गावात पोचला तेव्हा पाणी बंद होऊन आठ दिवस झाले होते. कंपनी उदार मनाने दोन टँकर पाठवत होती आणि टँकरपाशी रोज कोणाचं तरी डोकं फुटत होतं. एका बाईने दुसरीच्या हातावर घागर आपटली, तर दुसरीने तिचे केस ओढून तिला चिखलातून फरफटवलं, आणि दोघी चुलत जावा होत्या. अशा लोकांच्या हातात कागद पडला की पाणी चांगलंच आहे. म्हणजे वॉल्व्हमनने उगाच आठ दिवस तहानेने मारलं. मी हे सगळं बघितलेलं नाही. वहिनीने त्या संध्याकाळी फोनवर सांगितलं, धापा टाकत, तुटक. उरलेलं मी चार दिवस भरत आहे. ते दादाकडे चावी मागायला आले. वॉल्व्हची चावी म्हणजे हातभर नव्हे, चांगली चार फूट लांब लोखंडी कांब, वर आडवी मूठ, खाली चौकोनी खोबण. दादा म्हणाला, देणार नाही. माझा भाऊ मोठ्या प्रयोगशाळेत आहे, त्याने वास घेतलाय. तेव्हा शाळेतल्या मास्तरांनी कागद वाचून दाखवला आणि खालची सही कोणाची तेही वाचून दाखवलं. दादा म्हणे हसला. मग त्यांनी त्याच्याच हातातली चावी ओढून घेतली. पहिला फटका कोणी मारला ते नक्की नाही. दुसरा दूधगाडीवाल्याने मारला. दादा खाली पडला तेव्हा त्याने कान झाकले असणार, म्हणूनच बोटं मोडली. कांब बोटांवर पडली, बोटांखाली कान होता. मी हे इतक्या वेळा रचून पाहिलंय की आता ते मला नीट दिसतं. पुन्हा मुकं. चावीवर हात ठेवायची कोणाची हिंमत होईना इतकी ती रक्ताने निसरडी झाली, तेव्हा वहिनीने ती उचलली आणि पळाली. तेवढ्यामुळेच वॉल्व्ह अजून बंद होता.

अजून, म्हणजे आज दुपारी चारपर्यंत. नमुना पुन्हा तपासावा असा गावातल्याच दोघांनी अर्ज केला होता. दुसरी मोहोरबंद बाटली काल आली होती, अर्थातच आम्ल घालून. चारला माझा अहवाल गेला की बंदोबस्तात माणसं नवी चावी घेऊन जाणार होती. मी गाल धरून मोठ्या साहेबांच्या खोलीत गेलो आणि जे होतं ते सांगितलं.

"बाहेर मारामारी झाली म्हणे," साहेब म्हणाले.

"मारामारीला दोघं लागतात, साहेब."

साहेबांनी परिपत्रक मागवलं, वाचलं, खालची सही वाचली. त्यांना सही वाचायला फार वेळ लागला. "हे तुमचंच अपत्य."

"हो."

"मग चार वर्षांचे सगळे अहवाल खोटे? सहाशे गावांचे?"

"ढिगांखालच्या सात गावांचे."

"सातचे म्हटलं की सहाशे विचारतात हो! तुम्ही नवे आहात का?" ते मवाळ झाले, म्हणजे आवाज खाली आला. "बरं, तुम्हाला वास आला. मान्य. रकान्यात काय लिहू? दर लिटरला किती वास? यंत्र शून्य म्हणतंय ना? मग लिहा शून्य. पुढच्या महिन्यात परिपत्रक शांतपणे बदलू, दोन बाटल्या करू, तुम्हाला आणखी एक प्रशस्तिपत्र देऊ."

त्यांच्या टेबलावर काचेचा जड गोळा होता, आत गोठलेला बुडबुडा. त्याने साहेबांच्या कपाळाचं काय होईल, हे मी बराच वेळ पाहत राहिलो. आधी कातडी फाटेल, मग ते आश्चर्याने 'अहो' म्हणतील. दुसरा फटका कानावर. तिसऱ्याला आवाज बदलेल, ओला होईल. माझा हात टेबलाच्या कडेवर होता आणि त्या हाताला बॅटरीच्या पट्ट्याचं वजन कळत होतं; घरातली ही एवढीच एक गोष्ट माझ्या वाटणीला आलेली दिसते. मग विचार आला, साठवणीच्या खोलीतल्या चाळीस बाटल्या इथे दार लावून एकदम उघडाव्या. मी मनात हिशेब केला. त्याने उंदीरही मेला नसता. साहेबांना फक्त बदाम आठवले असते, तेही रक्तात असतं तर.

"बघतो," मी म्हणालो. आमच्या खात्यातली ही सर्वांत हिंसक धमकी आहे.

फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात, माझ्या डब्यामागे, दादाची खोकल्याची बाटली होती. आली त्या सकाळी मी तिच्यात कॉस्टिकचे दोन दाणे टाकले होते. विचार करून नव्हे, हाताच्या सवयीने; हाताला परिपत्रक पोचलं नव्हतं. आणि बारा दिवस मी ती तपासली नव्हती. तपासली असती तर कळलं असतं. आज मी ती काढली, ऊर्ध्वपातनाला लावली आणि स्टुलावर बसून राहिलो. भांड्यात बुडबुडे येत होते, माझ्या कानात शिट्टी वाजत होती. मध्ये दोनदा काचेतून बाहेर पाहिलं. वहिनी बाकावर तशीच, पिशवी मांडीवर आडवी, दोन्ही हात वर ठेवून, झोपलेल्या लेकराला धरावं तशी. तिने चहाला हात लावला नव्हता. दीड वाजता मी रंगाची रसायनं घातली. आधी गुलाबी, मग जांभळा, मग इतका गडद की पलीकडचं दिसेना. मार लागल्यावर दुसऱ्या दिवशी दादाच्या पाठीवर हाच रंग असायचा. यंत्राने आकडा दिला, मर्यादेच्या एकोणीस पट. मी यंत्राला म्हणालो, "आता?"

अहवालाचा छापील कागद घेतला. नमुना: खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, मोहोर नाही, आणणारा दूधगाडीवाला, भरणारा माझा भाऊ. पद्धत: प्रथम नाक, नंतर यंत्र. निष्कर्ष: आढळले. शेरा: या सात गावांचे मागील चार वर्षांचे सर्व अहवाल चुकीचे असून चुकीचे मूळ खाली सही करणाराच आहे. सही केली. साहेबांकडे नेला नाही. जावक कारकुनाकडे नेला, जो गेली वीस वर्षं काहीही न वाचता शिक्का मारतो आणि ज्याच्यावर माझा म्हणूनच विश्वास आहे. त्याने शिक्का मारला, सगळीकडे प्रती सोडल्या, आणि म्हणाला, "गालाला काय झालं?"

"वहिनी आली होती."

"असं होय," तो म्हणाला, जसं काही प्रत्येकाच्या वहिन्या अशाच येतात.

मी दाराने बाहेर गेलो. प्रत वहिनीच्या हातात दिली. तिने ती वाचली, घडी केली आणि मला परत दिली.

"आता त्यांच्याकडे दोन कागद होतील," ती म्हणाली. "दोन्हीवर तुझी सही. तहानलेला माणूस यातला कोणता खरा मानेल?"

मला उत्तर येत होतं.

"पाण्याची टाकी भरलेली आहे," ती पुढे म्हणाली. "बंद केली तेव्हा गळ्यापर्यंत भरलेली होती. आज ना उद्या ते वॉल्व्हच दगडाने फोडतील. तुझा दादा आधीच म्हणाला होता, टाकी रिकामी करायला पाहिजे. खालचा, टाकी धुण्याचा वॉल्व्ह उघडला की पाणी जुन्या चरातून कंपनीच्या तलावात जातं, जिथून आलं तिथे. त्यालाही हीच चावी लागते." तिने पिशवीचं तोंड सोडलं. लोखंडी मूठ दिसली. खोबणीशी काहीतरी काळं वाळलेलं होतं आणि त्यात दोन पांढरे केस. मी वाकलो. लोखंड आणि रक्त यांचा वास जवळजवळ एकच असतो. माझ्या नाकाने तरी वेगळा केला नाही. "माझ्याच्याने फिरत नाही रे ती," वहिनी म्हणाली. "मी काल रात्री करून पाहिलं."

बसमध्ये चावी आमच्या दोघांच्या मांड्यांवर आडवी होती. कंडक्टर म्हणाला, "हे काय?"

"चावी," मी म्हणालो.

"मग कुलूप केवढं असेल हो?" तो स्वतःच हसला आणि पुढे गेला. शहर संपलं, माझ्या खिशात फोन वाजत राहिला, साहेब असणार. मी तो डाव्या कानाला लावला आणि शिट्टीशिवाय काही ऐकू आलं नाही, म्हणून बंद केला. वहिनीने एकदा, फक्त एकदा, माझ्या गालाकडे पाहिलं आणि विचारलं, "दुखतंय?" मी म्हणालो, "उशिरा दुखतं." ती म्हणाली, "माहीत आहे. मीच शेकायचे."

पाच वाजता ढीग दिसले. ते पूर्वीपेक्षा बुटके आणि ओले होते, काळ्या नळ्यांनी बांधलेले. टाकीखाली माणसं होती, शंभर-दीडशे, घागरी, डबे, कॅन. बंदोबस्त येणार आणि पाणी सुटणार, एवढं त्यांना माहीत होतं; आमचा नवा कागद अजून वाटेत असावा. मास्तर होते. दूधगाडीवाला होता. त्यांनी आधी वहिनीला ओळखलं, मग चावीला, मग मला.

"भाऊ आला!" कोणीतरी ओरडलं. "सहीवाला! सोडा रे वाट!"

त्यांनी खरंच वाट सोडली. एका म्हातारीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मोठं काम केलंस, लेकरा. तुझ्या भावाला अक्कल नव्हती." मी थांबून सांगितलं. मोठ्याने सांगितलं: पाणी विषारी आहे, पहिला कागद माझी चूक होती, हा दुसरा. मी कागद वर धरला. मास्तरांनी तो हातातून घेतला, वाचला, आणि मोठ्याने वाचून दाखवला नाही. त्यांनी तो दूधगाडीवाल्याकडे दिला. दूधगाडीवाल्याने विचारलं, "मग आम्ही त्याला कशासाठी मारलं?" हा प्रश्न त्याने मला विचारला, आणि त्याला उत्तर नकोच होतं, हे त्याच्या हातावरून दिसत होतं. माणूस दुसऱ्यांदा मारतो तो पहिल्यांदा मारल्याचं कारण शोधण्यासाठी, असं मला वाटून गेलं.

मी टाकीच्या खालच्या खड्ड्यात उतरलो. वहिनी खड्ड्याच्या तोंडाशी, त्यांच्याकडे तोंड करून, पाय रोवून उभी राहिली. चावी बसवली. वॉल्व्ह हलेना. मी आडव्या मुठीवर सगळं अंग टाकलं, गंज कुरकुरला, पाव आटा फिरला, आणि पायाखालच्या नळातून पाणी घोगऱ्या आवाजात निघालं. तो आवाज वर पोचला. मग ज्या पाण्यासाठी ते बारा दिवस उभे होते ते वाहून चाललंय, हे एकदम सगळ्यांना कळलं. पहिली घागर वहिनीच्या खांद्यावर फुटली. मला तिचे पाय मागे सरकताना दिसले, मग पुन्हा जागेवर येताना. अजून निदान पंधरा आटे होते. कडू बदामाचा वास खड्ड्यात भरत होता.

"कान झाक रे!" वहिनी ओरडली.

दोन्ही हात चावीला होते. मी पहिला आटा पुरा केला, आणि सगळं ऐकू येऊ लागलं.